चोर नसलेलं गणित

काच कापायच्या टेबलाभोवती रविवारी कधी कोणी बसत नसे. टेबलावरच्या हिरव्या बनातीत आठवडाभराची चुरी अडकलेली असे आणि कोपरं टेकली की बोचे. पण वरच्या खोलीत पाच माणसं मावत नव्हती. मावली असती, तरी नऊ वर्षांच्या मुंगीसमोर हा विषय काढायचा नव्हता. म्हणून थोरल्याने सकाळीच बनात दोनदा झटकली, स्टुलं मांडली आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. उजेड पायांपुरता आत येत होता. भिंतीला टेकवून ठेवलेल्या आरशांत सगळ्यांचे नुसते गुडघे दिसत होते.

मास्तर मधे बसले. समोर एक उरलेली काच, हातात मेणाची पेन्सिल. या दुकानात कागदावर हिशेब करायची पद्धतच नव्हती. गिऱ्हाईक मापं सांगे, थोरला ती काचेवर लिही, आकडा ठरला की फडक्याने पुसून टाकी. निवृत्त झाल्यावर मास्तर आपल्या या थोरल्या मुलाच्या दुकानात बसू लागले तेव्हा त्यांना हे फार आवडलं होतं. काळा फळा सुटला होता, तर हा पारदर्शक मिळाला.

"सुरू करायचं का?" थोरला म्हणाला. "जावईबापूंना विमान पकडायचं असेल."

"विमान पुढच्या महिन्यात आहे," जावई म्हणाला. मास्तरांच्या धाकटीशी त्याचा काडीमोड होऊन दोन वर्षं झाली होती, पण या घरात त्याला दुसरं नाव मिळालं नव्हतं. लिफ्ट बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करणारा, हाताने कसबी, तोंडाने गरीब. त्याच्या शेजारी त्याची मोठी बहीण बसली होती, औषधाच्या दुकानात पुड्या देता देता सगळ्या गावाची दुखणी पाठ झालेली. मुंगी तिला आत्या म्हणे, म्हणून सगळेच आत्या म्हणत.

"तू गप रे थोरल्या," मास्तर म्हणाले. "समुपदेशक बाईंनी काय सांगितलंय? दोन्ही बाजूंनी एकत्र बसा, मुलीच्या पोटगीचा एक आकडा ठरवा, तो घेऊन या. नाही ठरला तर कोर्ट ठरवेल. मला आकडा काढायला बसवलंय ना? मग मी आज कोणाचा बाप नाही नि कोणाचा सासरा नाही. पहिला प्रश्न. मुलीचा महिन्याचा खर्च?"

"चोवीस हजार," धाकटी म्हणाली. ती डोळ्यांच्या दवाखान्यात गल्ल्यावर बसायची. आकडे सांगताना तिचा आवाज आपोआप खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखा व्हायचा. "शाळा, खाणं, कपडे, दात सरळ करायची तार, आणि राहायच्या जागेतला तिचा वाटा धरून."

"चोवीस?" आत्या म्हणाली. "नऊ वर्षांची पोर की हत्तीचं पिल्लू?"

"आधी शनिवार-रविवार ती ह्याच्याकडे असायची," थोरला म्हणाला. "ते खाणं, ते फिरणं ह्याच्या खिशातून व्हायचं. आता आठही दिवस आमच्याकडे."

"आठवड्यात सात दिवस असतात, दादा," धाकटी म्हणाली.

आत्या फिसकन हसली, थोरलाही हसला, आणि क्षणभर सगळे जुन्या दिवसांतल्यासारखे एका टेबलाभोवतीचे झाले. मास्तरांनी काचेवर चोवीस लिहिले.

"आता दोघांची मिळकत. तुझी?"

"वीस."

"तुझी? परदेशातल्या नव्या नोकरीत?"

जावयाने घसा खाकरला. "कागदावर साठ. पण अण्णा, तिकडे राहायला खोली घ्यायची म्हणजे…"

"कागदावरचंच धरायला सांगितलंय. तीनास एक. म्हणजे चोवीसातले अठरा तुझे, सहा तिचे. सोपं त्रैराशिक आहे."

अठरा हा आकडा काचेवर उतरला, तेव्हा धाकटीने तो ज्या नजरेने पाहिला ती मास्तरांच्या लक्षात आली. ती आणि मुंगी शाळेच्या मागच्या रस्त्यावर एक जागा पाहून आल्या होत्या. दोन खोल्या, स्वतःचं दार, आणि एका कोपऱ्यात खिडकी. जागेवाली म्हणाली होती महिनाभर थांबते. अठरा आले तर ती जागा घेता येणार होती. घर मोडल्यापासून धाकटी भावाच्या माळ्यावर राहत होती. वहिनी तोंडाने काही बोलायची नाही, फक्त भांडी जरा जोरात ठेवायची.

"आता प्रवास," मास्तर म्हणाले. "इथे नीट ऐका. बाप लांब गेला तर त्याने यायचं-जायचं तिकीट काढायचं. पण त्यातला निम्मा खर्च मुलीच्या रकमेतून वळता होतो. कारण भेट दोघांची. एका भेटीचं जाऊन-येऊन छत्तीस हजार. निम्मे अठरा. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला दीड. म्हणजे वर्षातून जितक्या भेटी, तितके दीड दीड हजार अठरातून वजा. भेटी किती?"

"चार," जावई लगेच म्हणाला. "प्रत्येक सुट्टीला येईन."

मास्तरांनी वजाबाकी केली. बारा उरले.

थोरल्याने काच उलट्या बाजूने वाचली आणि स्टूल मागे सरकवलं. "म्हणजे आज देतोस तेवढेच! पगार तिप्पट, जबाबदारी कमी, आणि पैसे तेवढेच. वा रे वा. लिफ्ट वर आणि आम्ही तळमजल्यावर."

"मी पोरीला भेटायला येणार तर तो माझा गुन्हा झाला का?"

"येशील तेव्हा ना! शाळेच्या कार्यक्रमाला पलीकडच्या रस्त्यावरून येणं जमलं नव्हतं तुला. चार वेळा समुद्र ओलांडून येणार म्हणे."

"त्या दिवशी रुग्णालयाची लिफ्ट अडकली होती. आत स्ट्रेचर होतं."

"दरवेळी कुठेतरी अडकलेलीच असते."

"थोरल्या," आत्या म्हणाली, "माझा भाऊ पोरीवर जीव टाकतो हे तुलाही माहीत आहे. दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे."

जावयाने बनातीतला काचेचा कण नखाने उकरायला घेतला.

"दोनच ना रे?" आत्याने विचारलं.

"करार पाचचा आहे."

"पाच? मला दोन म्हणालास. दुकानात उभ्या उभ्या मला म्हणालास, ताई, दोन वर्षं, मग परत." आत्याने पर्स मांडीवरून उचलून टेबलावर आपटली. "मला वकील म्हणून घेऊन आलास आणि मलाच फसवलंस. परत येशील तेव्हा ती चौदाची झालेली असेल. तुला ओळखही द्यायची नाही." ती मास्तरांकडे वळली. "मास्तर, माझं मत बदललं. ह्याच्याकडून अठराच्या अठरा घ्या."

"असं मत बदलून गणित बदलत नाही, बाई," मास्तर हळूच म्हणाले.

खरं तर त्यांना आतून बरं वाटत होतं, आणि ते त्यांना जाणवतही होतं. तीस वर्षं वर्गात उभं राहिलेला माणूस. भांडण कितीही पेटलं, तरी पायऱ्या एकाखाली एक नीट मांडल्या की सगळे शेवटी एकाच उत्तराशी येतात असा त्यांचा विश्वास होता. आजही तसंच होईल असं त्यांना वाटत होतं.

एवढ्यात थोरल्याचा सूर अचानक उतरला. "जाऊ दे. मधला मार्ग काढू. तीन भेटी. साडेतेरा. धाकटे, काय म्हणतेस? तू तशी वर राहतेसच. जागा कुठे पळून जाते."

धाकटी भावाकडे बघत राहिली. "आत्ता तर बारावर तू पेटला होतास."

"पेटून काय करायचं? माणूस लांब चाललाय, कटुता कशाला."

"की लिफ्टचे आरसे?" ती म्हणाली. "ह्याच्या कंपनीला आरसे तू पुरवतोस. हा जाताना नव्या साहेबाला तुझं नाव सांगून जाणार आहे ना? परवा दोघं शटरबाहेर तेच बोलत होतात. मला वरून ऐकू येतं, दादा. माळ्यावर सगळं ऐकू येतं."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. मुलगा लबाड नव्हता. दुकानाचं भाडं थकलं होतं आणि आरशांची ती एकच मोठी मागणी होती. कोणीच लबाड नव्हतं. प्रत्येकाचा आकडा खरा होता, हीच तर अडचण होती.

"दोन," धाकटी शेवटी म्हणाली. "दोन भेटी लिहा, अण्णा. पंधरा. जागा नको मला. तिला वर्षातून दोनदा तरी बाप दिसू दे. मोठ्या सुट्टीत एकदा आणि तिच्या वाढदिवसाला एकदा."

"तू म्हणशील तसं," जावई म्हणाला. आत्याने डोळे पुसले आणि नाक मोठ्याने शिंकरलं. मास्तरांनी शेवटची ओळ लिहिली. भेटी दोन, वजा तीन, बाकी पंधरा. गणित स्वच्छ होतं. त्यांनी त्याखाली रेघ मारली.

"चहा घेऊ," थोरला उठत म्हणाला. "नंतर कागदावर उतरवू."

सगळे मागच्या मोरीजवळच्या शेगडीपाशी गेले. कोंडलेल्या घरात खिडकी उघडावी तसं झालं होतं. आत्याने धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. जावई कपबशा विसळू लागला, कारण या घरात असताना ते काम त्याचं असायचं आणि हात अजून विसरले नव्हते. काच तशीच टेबलावर राहिली.

आता या घरातली एक गंमत सांगायला हवी. मास्तर वर्गात फळ्यावर गणित सोडवून दाखवत, तेव्हा मुद्दाम एक चूक पेरत. तिला ते चोर म्हणत. "आज चोर नाही हं," असं गंभीरपणे सांगत, आणि सगळा वर्ग ओरडे, "आहे! आहे!" जो चोर पकडेल त्याने पुढे यायचं, चुकीचा आकडा पुसायचा, बरोबर लिहायचा आणि खाली बरोबरची खूण करायची. चोराच्या नादाने कितीतरी ढ पोरं अपूर्णांक शिकून गेली. निवृत्त झाल्यावर हा खेळ मुंगीच्या वाट्याला आला. दुकानातला प्रत्येक हिशेब मास्तर काचेवर करत, त्यात चोर ठेवत, आणि शाळेतून आली की ती दप्तर न काढताच तो पकडे. एकदा चोर पकडायच्या आधीच गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं होतं. थोरला त्यावरून महिनाभर धुसफुसत होता.

त्यामुळे ती माळ्याच्या जिन्यावरून खाली आली, टेबलावर काच पाहिली आणि स्टुलावर गुडघे टेकून वाकली, तेव्हा मागून ते पाहणाऱ्या मास्तरांना आधी काहीच खटकलं नाही. रोजचंच दृश्य होतं. ती ओठ हलवत वाचत होती. चोवीस. तीनास एक. अठरा. मग तिचं बोट भेटींपाशी थांबलं.

मग त्यांनी हातातली बशी तशीच खाली ठेवली.

"मुंगे," ते घाईने पुढे येत म्हणाले, "त्यात काही बघू नकोस. त्यात चोर नाही."

"तुम्ही नेहमी असंच म्हणता," ती मान वर न करता म्हणाली.

"आज खरंच नाही."

"हे पण नेहमी म्हणता."

तिने फडकं घेतलं. दोन पुसला, त्या जागी शून्य लिहिलं. तीनाचं पण शून्य केलं. पंधरा पुसून अठरा लिहिले. आकडे काढताना जीभ किंचित बाहेर, त्यांनीच शिकवलेलं गोल, बंद शून्य. मग ती वळली. तिचा चेहरा चोर पकडल्यावर फुलतो तसा फुललेला नव्हता. बाईंनी सांगितलेलं अवघड काम करून आल्यावर मुलं जशी शहाण्यासारखी उभी राहतात, तशी ती उभी राहिली.

"सापडला," ती म्हणाली. "बाकी सगळं बरोबर आहे. फक्त हा आकडा चुकलाय. अठरा आले तर आईला जागा मिळते ना? आई जागेवाल्या काकूंना तसं म्हणाली होती. मी तिथे होते."

शेगडीवरचा चहा उतू गेला आणि आत्याने शेगडी बंद केली.

"मुंगे, अगं," धाकटी म्हणाली. "शून्य म्हणजे काय कळतं का तुला?"

"हो. बाबा येणार नाहीत."

"मग?"

"फोनवर दिसतात ना." ती बापाकडे वळली. "मी काही तुमच्यावर रागावले नाही, बाबा. तिकिटाचे तुमचे पण निम्मे वाचतात. ते तर मी मोजलेच नाहीत."

मास्तरांनी जावयाकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी पोरांचे चेहरे वाचले होते. कोणाला उत्तर येतंय, कोण शेजाऱ्याचं बघतोय, कोणाच्या घरी काल काही झालंय, हे बाकांवरून नजर फिरवताच त्यांना कळे. आत्ता जावयाचे डोळे भरून आलेले त्यांना दिसले, आणि ते खरेच भरले होते. पण त्याच वेळी त्याचे खांदे जरासे खाली आले. तास रद्द झाल्याचं कळल्यावर मागच्या बाकावरच्या पोरांचे येतात तसे. दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसावं. मास्तरांना दिसलं.

"तिची तशी इच्छा असेल तर," जावई म्हणाला. त्याने ओले हात पँटला पुसले. "म्हणजे, मी जबरदस्ती कशी करू? शून्य नको अर्थात. शून्य बरं दिसत नाही. पण एक धरली तर… एक चांगली, मोठी भेट."

"दोन ठरली होती," आत्या म्हणाली.

"ठरली होती, ताई. पण पोर स्वतः म्हणतेय."

"पोर नऊ वर्षांची आहे रे!"

"एकच, पण पंधरा दिवसांची. दोन धावपळीच्या भेटींपेक्षा बरी," थोरला म्हणाला. ते काही अगदीच खोटं नव्हतं. "आणि धाकटीलाही साडेसोळा मिळतात. जागेला दीड कमी, एवढंच."

मास्तरांना वाटलं, आता धाकटी बोलेल. तिने तोंड उघडलं होतं. पण ती मुलीकडे बघत होती, आणि मुलगी तिच्याकडे, कौतुकाची वाट पाहत. नको म्हणावं, तर पोरीने तिच्यासाठी केलेलं सगळं मातीत जाणार होतं.

"दीड मी काढीन," धाकटी म्हणाली. आवाज पुन्हा खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखा. "दवाखान्यात संध्याकाळची पाळी मागते. जागा घेऊ."

"मग संध्याकाळी मी कुठे?" मुंगीने विचारलं.

"आजोबांकडे. इथे."

मुंगीने ते मनात कुठेतरी मांडून पाहिलं. मग मान हलवली.

मास्तरांनी फडकं उचललं. खरं तर त्यांना सगळी काच पुसायची होती. सगळ्यांना घरी जा म्हणायचं होतं. मी आज मुलीचा आजोबा आहे आणि हे गणित मला मान्य नाही, असं म्हणायचं होतं. पण पायरी कुठली चुकली ते त्यांना दाखवता येईना. चोवीस बरोबर होते. तीनास एक बरोबर होतं. वजाबाकी बरोबर होती. आपण कोणाचे कोणी नाही असं सकाळी त्यांनीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. चार जण त्यांच्या हाताकडे बघत उभे होते. त्यांनी फक्त शून्यं आणि अठरा पुसले. भेटी एक. वजा दीड. बाकी साडेसोळा.

"तपास," थोरला सवयीने म्हणून गेला, आणि म्हणाल्यावर त्याने जीभ चावली.

पण मुंगी स्टुलावर चढलीच होती. तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, कुठेच न अडखळता. मग आजोबांच्या हातातून मेणाची पेन्सिल घेतली आणि साडेसोळाच्या खाली बरोबरची खूण केली. मोठी, ठळक, शेवटी वर उडणारी.

"आज खरंच चोर नव्हता," ती म्हणाली.

जावयाने तिला उचलून घेतलं. तो तिच्या केसांत तोंड खुपसून काहीतरी बोलत राहिला, आणि ती त्याच्या पाठीवर थोपटत राहिली. मोठी माणसं लहानांना थोपटतात तसं. थोरल्याने कागद शोधला. आत्या चहा न घेताच गेली. अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडताना तिची पर्स आपटली, त्याचा आवाज सगळ्या आरशांतून घुमल्यासारखा वाटला.

संध्याकाळी दुकानात फक्त मास्तर आणि मुंगी उरली. धाकटी जागेवालीकडे निरोप सांगायला गेली होती. काचेवरचा आकडा कागदावर उतरला होता, सह्या झाल्या होत्या, पण काच कोणी पुसली नव्हती. मुंगी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून त्या काचेतून पलीकडे बघत होती.

"आजोबा, एक भेट म्हणजे पंधरा दिवस ना?"

"हो."

"आणि वर्षाचे तीनशे पासष्ट?"

"हो, बाळा."

"मग उरले किती?"

तीस वर्षांत मास्तरांनी कोणत्याही मुलाचं गणित अर्ध्यावर सोडलं नव्हतं. घंटा झाली तरी सोडलं नव्हतं. ताप असताना सोडलं नव्हतं. त्यांनी काच उलटी करून बनातीवर पालथी ठेवली.

"उद्या करू," ते म्हणाले.

"साडेतीनशे," मुंगी म्हणाली. "मला येतं ते."